कडेचा थेंब

आई : म्हणजे काहीच उठलं नाही. हात बघा कसा कोरा करकरीत आहे. आता लिहून द्या डॉक्टरबाई, आमची ठमी अंडं खाऊ शकते म्हणून. बालवाडीवाले कागद मागतात.

डॉक्टर : जरा थांबा. हातावर पाच थेंब टाकून टोचलं. दूध, अंडं, शेंगदाणा, मिठाचं पाणी आणि हा कडेचा. कडेचा सगळ्यांनाच उठतो, अ‍ॅलर्जी असो-नसो. ठमीला तोही उठला नाही.

आई : तुमचं औषधच शिळं असेल. तीन महिने तारखेसाठी ताटकळलो, ते हे ऐकायला?

डॉक्टर : शंका रास्त आहे. हा बघा, तोच थेंब माझ्या हातावर टोचते. घड्याळ लावा.

आजी : घ्या. पेशंट बाजूला आणि डॉक्टरीणच टोचून घेतेय.

(दहा मिनिटं जातात.)

डॉक्टर : ही बघा गांधी उठली. खाजही सुटलीय. म्हणजे थेंब ताजा आहे, आणि ठमीच्या पोटात खाज दाबणारं औषध गेलंय.

आई : शक्यच नाही. तुम्ही बंद करा म्हटल्यापासून आठ दिवस त्या औषधाचा थेंबही दिला नाही मी. बाटली शिलाई मशीनच्या खणात, किल्ली माझ्या गळ्यात.

आजी : त्या बाटलीला कोण हात लावतंय.

आई : मग?

आजी : मी दुसरी आणली.

आई : सासूबाई...

आजी : अर्धाच चमचा, रोज. पोर अंग ओरबाडून काढत होती, तू तिचे हात धरून बसलेली. तीन रात्री बघितलं, चौथ्या दिवशी दुकान गाठलं.

आई : आणि मी गल्लीभर सांगत सुटले, नवीन मलमाचा गुण आला म्हणून.

डॉक्टर : आजी, हा कोरा हात बघून मी कागद दिला असता, आणि तिकडे अंडं खाऊन पोरीचा गळा सुजला असता तर?

आजी : मग तसं सांगायचं होतं. ‘औषध बंद करा’ एवढा हुकूम सोडलात. का, ते कुणी सांगितलं? आम्हाला काय कळणार, असंच ना?

डॉक्टर : चुकलं आमचं. आता सांगते. अंगात पहारेकरी असतात. ठमीचे पहारेकरी साध्या खाण्यालाही चोर समजत असावेत.

आजी : म्हणजे दारातलं कुत्रं पाहुण्यावर भुंकतं.

डॉक्टर : अगदी. त्याला ‘गप बस’ म्हणणारंही कुणी आत असतं. अशा पोरांत ते अजून कच्चं असतं. मोठं होता होता बऱ्याच जणांत त्याच्या आवाजाला जरब येते. औषधानं कुत्र्याचं तोंड बांधलं, की ते कुणावर भुंकतं हे मला कळणार कसं?

आई : मी पोटुशी असताना अंडी खाल्ली, म्हणून झालं का हे? घरात बोललं जातं.

डॉक्टर : नाही हो. कोण बोलतं असं?

आजी : मी बोलते.

आई : जाऊ द्या.

आजी : जाऊ कशाला द्यायचं? बोलत होते. आता नाही बोलणार.

डॉक्टर : पुढच्या बुधवारी या. तोवर खाजेचं औषध बंद. मात्र तोंड सुजलं, धाप लागली, तर चाचणी गेली खड्ड्यात, तडक दवाखाना गाठा.

आई : परत आठ रात्री.

आजी : ठमी माझ्याजवळ झोपेल. खाज सुटली की माझा हात देईन तिला ओरबाडायला. तू झोप.