माईक गेलेला कॅमेरा

नाही, झूम नकोय मला. काका, तिसऱ्यांदा सांगतेय, झूम नको. चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे यातून — दिसू देत, मला काय करायचेत, घरात पुरेसे आहेत. मला जवळचं हवंय. म्हणजे बघा, माणूस इथे, कॅमेरा इथे, मध्ये एवढंच अंतर — आणि तरी डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं मावलं पाहिजे, दोन्ही कोपरं बाहेर काढली तरी कापली जाता कामा नयेत. स्वयंपाकघर आहे हो. उंच माणूस आडवा झोपला तर पाय सिंकखाली जातील, एवढंच. ट्यूबलाइट एक, तीही म्हातारी. त्या उजेडात हात हलले की नुसता धूर दिसतो. तो मला नकोय. बोटं दिसली पाहिजेत, एकेक बोट. आणि ती फुंकर मारू नका सारखी भिंगावर, थुंकी उडते. काका म्हणतेय म्हणून उपदेशही सुरू करू नका — घरी एक काका आहे, तो पुरून उरतो.

फोन? वाटलंच, आता फोनवर येणार. तुम्ही कॅमेरे विकता की फोनची जाहिरात करता? फोन बाबांच्या कपाटात आहे. कॉलेज सोडलं त्या दिवशी काढून घेतला — म्हणाले, शिकायचं नाही तर बोलायचंही नाही. मला हा बटणांचा दिलाय. आईचा फोन आहे, पण आईचा म्हणजे बाबांचाच, आईचं सगळंच बाबांचं असतं, मतसुद्धा. तेव्हा कॅमेराच. आणि एवढ्यातच. हे पाकीट आहे ना, याच्या बाहेर एक पैसा नाही. पुस्तकं विकून आलेत, पहिल्या वर्षाची सगळी, कोरी करकरीत. तशीच होती, उघडलीच कुठे होती.

हा काळा? स्क्रीन बाहेर उघडते, बरं आहे. पुढे दिवा लागतो का, लाल? रेकॉर्डिंग सुरू झालं की? नाही लागत — मग ठेवा आत. दिवा पाहिजेच. का म्हणजे काय, समोरच्याला कळायला नको, सुरू झालं म्हणून? हो, तोंडाने सांगता येतं, येतं ना तुम्हाला मला सांगता, सगळ्यांना येत नाही... कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, म्हटलं ना मघाशी.

बरं, आता हसू नका. नाहीये प्रोजेक्ट. आत्ताच तर म्हटलं कॉलेज सोडलं, आणि तुम्ही मान डोलावत ऐकताय, म्हणजे तेव्हाच पकडलंत. मग विचारायचं होतं सरळ.

तो कोपऱ्यातला काय आहे? डब्यातला, वायरींच्या खाली. पार्टसाठी ठेवलाय? बघू तर. चालू होतोय की. अरे, दिवा! दिवा लागतोय. आणि रुंद — थांबा, मी मागे भिंतीला टेकते — कोपरं दिसतात? दोन्ही? मग याला काय झालंय? माईक गेलाय. अजिबात आवाज येत नाही? खरखरसुद्धा नाही? काका, हाच द्या. नाही, नीट ऐकलंय मी. आवाज नाही येत. आवाज नकोच आहे मला, आवाजाने डोकं उठलंय माझं.

बहीण आहे माझी धाकटी. सोळा वर्षांची. बहिरी — तोंड वाकडं करू नका, शिवी नाहीये ती. शिवी काय असते ते आमच्या घरी येऊन ऐका. ‘तिला काही कळत नाही.’ ही शिवी. रोज, दोन्ही वेळ, जेवणासोबत. ती लहान असताना कुणी एक बाई आली होती, बोलायला शिकवणारी, ती सांगून गेली की हातवारे करू दिले तर पोर कधी बोलणार नाही. झालं. बाबांनी नियम केला — ताटावर बसलं की हात मांड्यांखाली. तोंडाने माग, मग मिळेल. पोरगी हातांवर बसलेली, समोर जेवण, आणि घरातली चार मोठी माणसं तिच्या ओठांकडे बघत ‘पा-णी, पा-णी’ करतायत. कितीतरी वर्षं चाललं हे. एक शब्द आला शेवटी. पाणी. पाहुणे आले की म्हणून दाखवायला लावतात. आणि गंमत काय, तिला तहान लागली की ती उठते, ग्लास घेते आणि पिते. कुणाला मागतबिगत नाही.

बोलते ना, का नाही बोलणार? स्वयंपाकघरात, दार लोटून, माझ्याशी. खुणा आमच्या आम्ही बनवल्यात. ही बघा — हातावर ब्रश घासल्यासारखं — हा रविवार, कारण बाबा रविवारी बुटांना पॉलिश करतात. बूट घालायचा म्हणजे सोमवार. हे असं नाकावर चष्मा ढकलला की आत्या. आणि कडीला हात लावायचा, सोडायचा, लावायचा, सोडायचा — हा काका. निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभा राहतो ना, म्हणून. तिनेच काढली ती. काका मागच्या महिन्यात बाथरूममध्ये अडकला होता, कडी पडली बाहेरून, आतून बोंबलतोय, आणि ही दाराबाहेर निवांत शेंगा सोलत बसलेली. सगळे धावले — अरे हिला काय ऐकू येणार, बिचारी! बिचारी कसली. तिला कडी हलताना दिसत होती, मला रात्री सांगितलं तिने सगळं, काका आत कसा उड्या मारत असेल तेही करून दाखवलं. दिसत होती आणि उघडली नाही. तो तिला ठोंब्या म्हणतो ना — ओठ वाचते ती, तेवढे तर वाचतेच. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. बाहेर बोलू नका.

आता ऐका, घाई का आहे ते. बहिऱ्या मुलांची एक शाळा आहे, राहायची सोय, शिवणकाम, कॉम्प्युटर, आणि सगळी पोरं हातांनी बोलतात, मास्तरसुद्धा. मी शोधली. बाबांच्या मागे लागून लागून नेलं तिला. तिथल्या मोठ्या बाईंनी समोर बसवलं, खुणेने विचारलं, तुझं नाव काय, घरी कोण कोण आहे. आणि ही — बाबा शेजारी बसलेले, मोठं ऑफिस, टेबल — हिने शहाण्या मुलीसारखे हात मांड्यांखाली घातले. बसली. अर्धा तास. कुणी रागावू नये म्हणून इतकी नीट बसली की बाई थकल्या. आणि बाबा काय म्हणाले? मी सांगत होतो, हिला काही कळत नाही.

मी बोलले ना, बोलले कशी नाही. म्हटलं, बाबा, आजी अंथरुणाला खिळलीय, तिची सकाळची गोळी, दुपारची गोळी, जेवणाआधीची, जेवणानंतरची, हे सगळं कोण देतं? हीच देते. कूस हीच बदलते. काही कळत नसलेल्या पोरीच्या हातात तुम्ही स्वतःची आई दिलीत? तेव्हा उठून बूट घालायला लागले. बाहेर आल्यावर मात्र आवाज आला. ती गेली तर आजीचं कोण करणार, म्हणाले. हे खरं. बाकी सगळं वरचं पॉलिश.

बाई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत जागा ठेवते. काहीही दाखवा, ती काहीतरी सांगतेय एवढं दाखवा, मी घेते. आता अनोळखी माणसासमोर ती हात काढणार नाही. इतक्या वर्षांचं वळण आहे, गुरुवारपर्यंत जात नाही. म्हणून कॅमेरा. दार लोटलेलं, मी समोर, हा डब्यावर ठेवलेला. तिला विचारलंय मी — हो म्हणाली, पण सुरू झालेलं कळलं पाहिजे म्हणाली. म्हणून दिवा. काय सांगणार ते तिने ठरवलंय. काकाची कडी. मी म्हटलं, अगं, काहीतरी चांगलं सांग, आईबाबांबद्दल. तर माझ्याकडे असं बघितलं की... जाऊ दे. कडीच चांगली आहे.

मी कॉलेज का सोडलं? नापास झाले. घरी विचारा, वाईट संगत म्हणतील. तुम्हाला काय करायचंय? होस्टेलवर होते वर्षभर. सुट्टीत आले, तर ही हसली, पण हात नाही हलले. मी रविवार करून दाखवला, ती नुसती बघत राहिली. विसरली होती. कुणी बोललंच नव्हतं ना तिच्याशी वर्षभर. चार दिवस गेले, मग एकदम स्वतःहून चष्मा ढकलला — आत्या आलीय. बस. मी परत गेले नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही मी, आणि तुम्ही असं मऊ तोंड करून बघू नका, मला राग येतो.

किती? एवढा कमी? नाही. आधी तर डबल म्हणाला होतात. काका, स्पष्ट सांगते, माईक गेलाय त्याचे कमी करा, माझ्या बहिणीचे कमी करू नका. दया आमच्याकडे पडून आहे, पाहुणे येतात तेव्हा पोतं भरून देऊन जातात. मधला भाव करा. हां, हा ठीक. कार्ड त्यातच. आणि बॅटरी फुगलेली नको.

द्यायच्या आधी एकदा चालवून दाखवा. मी इथे या अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहते, तुम्ही तिथे, ओट्याएवढ्या अंतरावर. घरी गेल्यावर ती विचारेल, कुणी दिला. तुमची खूण ठरवलीय मी — भिंगावर फुंकर. हसू नका, हात हलतो तुमचा. धरा नीट. बटण दाबलंत? दिवा... लागला.

आता मी तोंडाने एक शब्द बोलणार नाही. हात बघा.