खालून येणारी थंडी

कोरियातल्या सोक्छो शहरात, डोंगरावरच्या मुक्कामाचं सामान विकणाऱ्या दुकानात स्लीपिंग बॅग बदलून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

"रात्रभर पाठीचा नुसता बर्फ झाला माझ्या! निवडताना खालची बाजू चाचपून बघायला काय झालं होतं तुम्हाला?"

"वरून चांगली जाड होती गं. खालून थंडी शिरते हे मला काय माहीत?"

"डोंगर म्हणजे काय आपल्या घरातली खालून तापवलेली जमीन वाटली?"

"जन्मभर खालून ऊबच आली, बोकसून. आता ओरडू नकोस, लोक बघतायत."

"बघू देत! ऊब आली म्हणे! आपोआप येत होती का हो? रोज पहाटे तुम्ही घोरत पडलेले असताना जमिनीखालच्या चुलीत कोळसा कोण घालत होतं?"