बेंदरानंतरची जीप

जुन्या गाडीचं दुखणं कशात असतंय ते माझ्याकडनं ऐका. आप्पांना, म्हंजे माझ्या वडलांना, न इचारता मी बैलजोडी इकली आन लिलावातली जुनी मिलिटरी जीप घेतली. वर्षभर ते माझ्याशी बोलले न्हाईत.

बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या, दुसऱ्या दिवशी बायकोला कळा सुरू झाल्या. निपाणीला न्यायचं, तर जीप चालू हुईना. हँडल मारून मारून माझा खांदा गेला. शेवटी तिला शेजाऱ्याच्या बैलगाडीनं धाडलं आन मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं पेट्रोलची नळी सोडली, बोट बुडवून वास घेतला आन माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

"अण्णा, टाकीत अंडी कुणी फोडली?"

"अंडी?"

"व्हय. तेल आन हळद बी हाय."

आमच्याकडं बेंदराला बैलांना हेच पाजत्यात. वळून बघितलं, तर आप्पा कट्ट्यावर बसलेले. वर्षानं तोंड उघडलं त्यांनी.

"बैल तू इकलास. सणाला दारात दुसरं कोण हुतं रं पाजायला?"