हनुवटीखालचा हात

साखराबाई : आरं, कानाला धरू नको तिला! हनुवटीला धर. चार म्हैन्यात मेंढरू धुवायचं इसरलास व्हय?

म्हाळू : इसरलो न्हाई, आये. हितं पाय टेकंना झालेत.

साखराबाई : नदीला छातीइतकं बी पानी न्हाई. आन म्हनं दर्यावर नोकरी! इंग्रजाच्या हद्दीत नगरला जाऊन नाव लिवून आलास, तवा पानी असतंय कुनी सांगितलं न्हवतं?

म्हाळू : हळू बोल. बिभीषणमामा ऐकतोय.

साखराबाई : माजा सख्खा भाऊ हाय, ऐकू दे. आल्यापास्नं तुजं जेवनावर मन न्हाई. पांढरी टोपी घालून गावभर फिरतोस आन घरी आलास की तोंड पाडून बसतोस. खरं सांग, तालीम संपायच्या आदीच का आलास?

म्हाळू : रजा दिली.

साखराबाई : पाटलाचा पुतन्या पंडित बी तुज्यासंगंच गेलता. त्याला का न्हाई दिली?

म्हाळू : त्यो पोहन्यात पास झाला. मी दोनदा पडलो. शिकवनारा उस्ताद भला मानूस, त्यानं सायबाला सांगून मला मुदत घेतली. आता आठ दिवस ऱ्हायलेत. जाऊन पोहलो तर ऱ्हातो, न्हाईतर नाव कापून घरी धाडत्यात.

साखराबाई : मग ये की घरी! मेंढरं काय वाईट हायत? तुजा आजा, तुजा बाप ह्यांच्यामागंच म्हातारे झाले.

म्हाळू : मेंढराला मी कवा वाईट म्हनलो? पर आप्पाराव पाटलाच्या दारात आपन वहाना हातात घिऊन उभं ऱ्हातो, आये. तिथं तालमीत पंडित आन मी एका ओळीत उभं. एकाच पातेल्यातलं खातो. एक दिस त्याच्या बुटाला चिखल व्हता, तर उस्तादानं त्याला भर उनात पळवलं, जसं मला पळवतो तसंच. ते बघून मला लई गोड वाटलं. आता पुन्यांदा त्या दारात अनवानी उभा ऱ्हायचो न्हाई. मरंन पर ऱ्हायचो न्हाई.

साखराबाई : पान्यात उभं ऱ्हाऊन मरायची भाषा करू नको, मेल्या! …बाकीचं जमतं का तुला?

म्हाळू : तालमीच्या जहाजाच्या डोलकाठीवर चढायला मी समद्यात पयला. शेळ्यांसाठी बाभळीवर चढून पाला कुनी तोडला जनमभर? गाठी जमत्यात, कवायत जमती. निस्ती शिट्टी नडली.

साखराबाई : शिट्टी?

म्हाळू : जहाजावर शिट्टी फुकायची न्हाई. तिथला हुकूमच शिट्टीवर असतो. माजी सवय कुठं जाती? पयल्याच दिशी दोन बोटं तोंडात घातली, आन साठ गडी धावत येऊन ओळीत उभे! बंदूक डोक्यावर धरून धा फेऱ्या मारायला लावल्या मला.

साखराबाई : अगं बया! आन ते शिट्टीवर कशाला पळत्यात?

म्हाळू : तिथं आमीच मेंढरं, आये.

साखराबाई : हसवू नको. पान्यात काय व्हतंय ते सांग.

म्हाळू : उडी मारली की काठ मागं ऱ्हातो. मी वळून काठ बघतो. मग हातपाय झोडतो, वराडतो, नाकातोंडात पानी जातं. उस्ताद बांबू पुढं करतो, त्याला धरून वर येतो.

साखराबाई : म्हंजी पयल्या खेपंचं कोकरू झालास तू. ते बी अस्संच करतं. सोड ती मेंढी, ये हिकडं. कपडे ऱ्हाऊ दे अंगात.

म्हाळू : कपडे घालूनच पोहायचं असतं तिथं. पर आत्ता? समद्यांच्या देखत? आरमारातला गडी आन आईनं हनुवट धरली म्हनून गाव हसंल.

साखराबाई : हसतील त्यांचे दात दिसतील. दारात अनवानी उभं ऱ्हायची लाज वाटती, बरुबर हाय. शिकायची कसली लाज रं? पालथा नीज पान्यावर.

म्हाळू : पोटाला धर, आये!

साखराबाई : पोटाला धरनार न्हाई. पोटाला धरलं की मेंढरू समदा भार टाकून देतं आन धरनाराला बी घिऊन बुडतं. एक हात हनुवटीखाली, बास.

म्हाळू : सोडशील तू!

साखराबाई : सोडनारच हाय. पर वराडतोस तवर न्हाई. मेंढरू वराडतंय तवर त्याचा जीव काठावर असतो. गप झालं की समजायचं, आता पान्याचं ऐकाय लागलं. मागं बघू नको. पल्याडचा करंज बघ. पाय हालव. हळू. दही घुसळल्यावानी हळू.

म्हाळू : आये…

साखराबाई : गप.

म्हाळू : …

साखराबाई : अस्सं. बिभीषणा, दात काय काढतोस? तुज्या पोराला येतं का इतकं? …म्हाळू, आता बघ कुठवर आलास.

म्हाळू : तुजा हात?

साखराबाई : हात कवाचा कमरंवर हाय माजा. …ए, बुडू नको! धर! ऊठ, खाकर. हां. आता पुन्यांदा.

म्हाळू : नाकात गेलं, आये. घटकाभर दम खाऊ दे.

साखराबाई : आठच दिस हायत. पुन्यांदा.

(तीन महिन्यांनी. साखराबाईच्या खोपटापुढं, ऊन कलतीला.)

साखराबाई : उभ्यानं सांगू नको. बस, पानी पी, मंग सांग.

म्हाळू : पोहन्यात पास झालो, आये. तालीम बी पुरी झाली. परवा मोठ्या जहाजावर चढायचं.

साखराबाई : नारायणगडाला नारळ बोललेवते मी! …लई खोल व्हतं?

म्हाळू : तळ दिसत न्हवता. खारं पानी, डोळ्यात चरचरलं. वराडावं वाटलं, पर दात दाबले. पल्याडच्या काठाला पोचलो आन वर तीन मिन्टं पान्यात तसाच तरंगत ऱ्हायलो. उस्ताद म्हनला, कुनाजवळ शिकलास? म्हनलं, आयेजवळ.

साखराबाई : समद्यांसमोर सांगितलंस?

म्हाळू : समद्यांसमोर. पंडित बी व्हता ओळीत. …येताना पाटलाच्या दारावरनं आलो. आप्पाराव ओट्यावर बसलेवते.

साखराबाई : आन?

म्हाळू : बूट काढले न्हाईत. हात बुटाच्या नाडीकडं गेलता, खोटं कशाला बोलू. पर न्हाई काढले. आप्पारावांनी आदी बुटाकडं बघितलं. मंग म्हनले, बस.

साखराबाई : बसलास?

म्हाळू : बसलो. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या बाजूला.

साखराबाई : …तुला बस म्हनले ते सरकारी कपडे बघून. तू दर्यावर जाशील. मी एकली त्या दारात गेले तर?

म्हाळू : वहाना घाल, आये. आत्ताच जाऊ.

साखराबाई : थांब. लुगडं बदलते.