बिनसाखरेचं घर

नाही नाही सायब, तसं नाही — तुमी लिहाच्या आधी माहं पुरतं ऐकून घ्या. शुगर तिले दवाखान्यातच निघाली. तठीच. त्याच्या आधी आमच्या चतुराबाईले कायबी नव्हतं. कोनालेबी विचारा, या अनसिंगात कोनालेबी विचारा — इंद्रभानची बायको बिमार पाहिली का कधी? बाजाराच्या दिवशी वांग्याचं गाठोडं माह्या आधी तिच्या डोक्यावर. मी म्हणतो, अवं थांब, ऑटो येऊन राह्यला — ती काय थांबते! दिवसभर तराजू धरून बसन, गिऱ्हाइकासंग भांडन, अन् भांडून झालं की त्याच्याच थैलीत दोन मिरच्या फुकट टाकन. अशी बाई बिमार असते का? तुमीच सांगा. मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती, अन् म्हणे, मले काहीतरी होऊन राह्यलं. बस. तेवढंच. वाशीमच्या डॉक्टरनं अकोल्याले धाडलं, अन् अकोल्याचे म्हणतात, नळ्या बंद हायेत, छाती उघडा लागते, उद्या सकाऊनच. ते तयार हायेत. तुमच्या कंपनीनं हो म्हणलं की झालं.

हे पाहा, तुमी चौकशीले काहून आले ते मले समजते. हरीओम — माहा पोरगा, तोच हाये तिच्यापाशी — त्यानं फोनवर सांगतलं, बाबा, पॉलिसी काढाच्या आधीचं दुखणं लपवलं असं निघालं तं कंपनी हात वर करते. तं आधीचं काहीच नाही. पॉलिसीले झाले दोन साल अन् शुगर परवाची. सरळ गोष्ट हाये. सरकारी? विचारलं ना, नाही कसं. सत्तरीच्या वरच्याईले फुकट इलाजाचं कार्ड हाये — ते मले भेटलं! मी ठणठणीत, मले साधी सर्दी होत नाही, अन् कार्ड माह्या नावाचं. तिले सत्तरी गाठाले अजून टाइम हाये. दुसरी योजना हाये ती त्या दवाखान्यात चालत नाही, अन् चालते तिकडे हलवतो म्हणलं तं डॉक्टर म्हणे, रस्त्यात काही झालं तं आमच्यावर नाही. मंग? कोन राह्यलं? तुमीच राह्यले. मळ्यातून एवढा पैसा एका रातीत निघत नाही सायब, मेथी हाये ती, सोनं नाही — पंखा जवळ करू का? घाम येऊन राह्यला तुमाले. थांबा, चहा उतू जाईन.

घ्या. मी केला, गोड मानून घ्या. हाये ना गोड? नाही, मले तीच धास्ती होती — साखर आपल्या घरी नसते, आता मागच्या दारानं जाऊन रुपाबाईकडून वाटीभर आणली. शेजारी हाये, देते बिचारी, पण तोंड वाकडं करते. कोनी पाहुणा आला की आमचं हेच. सून तं माहेराहून येताना साखरेची पुडी संग घेऊनच येते, हसते आमाले. पाच-सहा साल झाले या घरात साखरेचा दाणा नाही, गूळ नाही, दिवाळीले करंजी नाही. मीच बंद करून टाकलं सगळं — डोळ्यापुढं दिसलं की तिचं मन —

माहं. माहं मन. मले हाये शुगर, सायब.

सांगतलं नाही का मी? राहून गेलं असन. ठणठणीत म्हणलं ते — ते वरून दिसाले ठणठणीत. आतून शुगर. मले. कपाकडे काय पाहून राह्यले? हो, टाकली माह्याबी कपात. पाहुण्यासंग एखाद्या टायमाले चालते, डॉक्टरनंच सांगतलं. कोनता डॉक्टर? हाये ना वाशीमचा, चष्मेवाला — आता नाव नाही येऊन राह्यलं तोंडावर. औषधाचं विचारा, औषध तोंडपाठ हाये मले! सकाळी उठल्याबरोबर अर्धी गोळी, जेवणावर एक, अन् रातच्याले पोटाले सुई. सुई मीच टोचतो. कातडी अशी चिमटीत धरा लागते, नाही तं दुखते. पहिले पहिले लय रडे — रडो. मी रडो. माणूस रडत नाही का? मंग गोष्टी सांगता सांगता टोचाची सवय लागली, बाजारात कोन काय बोललं, कोनाची गाय व्याली, तेवढ्यात सुई होऊनबी जाते, समजतबी नाही. अन् पत्ता कसा लागला म्हणसान, तं गवारीचा तोडा चालू होता, भर उन्हात, डोळ्यापुढं एकदम अंधारी आली अन् मी वाफ्यातच पडली.

पडलो.

पडलो म्हणलं मी. तुमी काय ऐकलं? — पडलोच म्हणलं. म्हाताऱ्या माणसाची जीभ हाये, घसरते. काय लिहून राह्यले? नका लिहू. सायब, हात थांबवा जरा. थांबवा म्हणतो ना!

बरं, ऐका मंग. खरंच ऐका. तुमचाच माणूस होता तो, जगदेव, पॉलिसीवाला. याच बाजेवर बसला होता. तिनं त्याले सांगतलं — माह्या समोर सांगतलं — भाऊ, मले शुगर हाये, चालते ना? तो म्हणे, काकू, नाहीच लिहू, शुगर आजकाल कोनाले नाही, लिहिलं तं उगी लफडं. आमाले काय समजते? त्यानं बोट ठेवलं तठी तिनं सही केली. जाताना वांगे नेले, फुलगोबी नेली, हप्ता नेला, अन् दुसऱ्या साली येऊन आणखी नेला. तवा तुमच्यातलं कोनी नाही आलं आमच्या घरचे डबे पाहाले! घ्याच्या टायमाले काकू, काकू, अन् द्याची पाळी आली तं कागद-पेन. नाही, तुमच्यावर नाही चिडलो — चिडलोच हाये! काहून नाही चिडायचं? खोटं बोललो मी आता, कबूल हाये, तुमच्या तोंडावर बोललो. पण ती नव्हती बोलली. तिनं खरं सांगतलं होतं, ते तुमच्या माणसानं कागदावर येऊ नाही दिलं. हे लिहिलं का? हे नाही लिहिलं. तेवढं सोडून सगळं लिहिलं.

एक काम करा ना. वावर नावावर होते, घर नावावर होते, तलाठ्याकडे गेलं की फेरफार होते. तसंच हे करून टाका. शुगर माह्या नावावर लिहा. छातीबी लिहा. तिचं असन नसन ते सगळं दुखणं इंद्रभानच्या नावावर करा, माह्यापाशी कार्ड हाये, माहं मी पाहून घेतो. अन् माही तब्येत तिच्या नावावर. आता सही देतो. नाही होत ना? मले माहीत हाये नाही होत, मी काही येडा नाही. भेव लागून राह्यलं म्हून बोलून राह्यलो. लय भेव लागून राह्यलं मले, सायब. काल रातच्याले हात आपोआप सुईच्या डब्याकडे गेला, अन् पाहातो तं बाज रिकामी. ती नसली तं मी या घरात कायले —

थांबा. फोन. तिचाच हाये. आवाज नका करू, हात जोडतो तुमाले.

हां, बोल चतुरा. … हो, आले होते. गेले. … आत्ताच गेले ना. चांगला माणूस हाये बिचारा, चहा घेतला. … नाही. नाही वं, काहीच नाही बोललो. तुनं बजावलं होतं तसंच, विचारलं तेवढंच सांगतलं. … एक शब्द जास्तीचा नाही. … तुही शपथ. … हो, झालं. मंजूर झालं म्हणून गेले. सकाऊन ऑपरेशन. … मंग खोटं बोलतो का मी? तू पडून राह्य आता, हरीओमले म्हण, पाय दाबून दे. … जेवलो. … भाकर अन् भाजी. जेवलो म्हणलं ना वं. ठेव.

ऐकलं ना तुमी?

नाही, काही सांगू नका मले. तिची खोटी शपथ मी आजवर नव्हती घेतली, आता घेऊन बसलो. मंजूर झालं म्हून तिले सांगून झालं. आता तिले परत फोन करून दुसरं काही सांगाची माही ताकत नाही. लिहाचं ते लिहा, पण इथं बसून नका लिहू. उठा. चहा राहू द्या तसाच. अन् जाताना फाटक लोटून घ्या, ढोरं मेथीत घुसतात.