मागचं चाक

भाची: मामा, तो पंप टायरला लावू नकोस. तो मागच्या शॉकचा आहे, त्या धक्के झेलणाऱ्या नळकांड्याचा.

मामा: कळतं मला. चाळीस वर्षं या सायकलच्या दुकानात काय माश्या मारल्या मी?

भाची: मग असा घुटमळतोयस का?

मामा: चष्मा वरच्या फळीवर राहिला. तू वाच आकडा.

भाची: एकशे चाळीस. बास. आता हँडल धर, मी बसते. शॉकवरची ती काळी रबरी रिंग किती खाली सरकली ते सांग.

मामा: बोटाला लागतंय. पाव भाग. केसभर कमीच.

भाची: बरोबर आहे. आपण बसल्यावर मागचा शॉक पाव भाग दबायला हवा. कंपनीच्या कागदावरही तेच लिहिलंय.

मामा: तुमचं मासिक कंपनीच्या कागदावरूनच उतरवतं की सगळं.

भाची: म्हणून तर तुझ्याकडे घेऊन आले. दोन पानं लिहायचीत. ही सायकल शर्यतीला चालेल का, आणि सुट्टीच्या दिवशी नुसतं रानवाटांनी भटकायलाही चालेल का.

मामा: म्हणजे एकाच चपलेवर लग्नालाही जायचं आणि चिखलातही.

भाची: हे वाक्य मी घेणार आहे हं.

मामा: घे. मी कुठे लिहितोय.

भाची: आधी उचलून बघ तिला.

मामा: हं. किती आहे?

भाची: पेडलसकट अकरा किलोच्या आत.

मामा: पुढे फोर्क, मागे शॉक, एवढे सांधे, आणि अकराच्या आत? काटा बिघडलाय तुझा.

भाची: काटा नवा आहे. घरच्या वजनकाट्यासारखा नाही. आठवतं? तू माझी ती लाल फ्रेम बनवलीस, तेव्हा वजन करायला आई सायकल घेऊन काट्यावर उभी राहिली होती.

मामा: आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. सख्ख्या भावाला. का, तर तिचं वजन दिसेल.

भाची: आकडा मी वाचायचा, वजाबाकी मनातल्या मनात करायची आणि फक्त सायकलचं वजन मोठ्यांदा सांगायचं.

मामा: आणि तू वजाबाकी चुकलीस. मी आठवडाभर तोंड लपवून फिरलो, बारा किलोची सायकल बांधली म्हणून.

भाची: चुकले नव्हते. आईनेच तिचे दोन किलो कमी करून सांगितले होते.

मामा: बघ म्हणजे. जाऊन वर्ष झालं तिला, आणि हे मला आज कळतंय. बरं, मागचं चाक उचल जरा. हलवून बघतो. … सांधे घट्ट आहेत. पण एवढी बेअरिंगं आहेत म्हटल्यावर चिखलातून आली की धुवायला हवी. नुसतं फडकं मारून भागणार नाही. हेही लिही.

भाची: लिहिते. अजून काय?

मामा: टायर पातळ आहेत. शर्यतीला ठीक. दगडाच्या वाटेवर कडेला चिरतील. आणि पाण्याची बाटली एकच मावते, ती काढताना हात शॉकला लागतो. आता तू सांग. टेकडीवर जाऊन आलीस ना?

भाची: काल तीन फेऱ्या, आज दोन. चढावरच मुख्य परीक्षा. पाणवठ्यापासून वरच्या सपाटीपर्यंत. हँडलवर हा खटका आहे, तो दाबला की मागचं सस्पेन्शन बंद होतं, सायकल एकदम कडक. तसं करून चढले, नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

मामा: आणि उघडं ठेवून? दहाच्या वर गेली असशील.

भाची: नऊ बारा.

मामा: घड्याळ बघ नीट.

भाची: दोनदा बघितलं. खडबडीत चढावर मागचं चाक उडतच नाही. जमिनीला धरून राहतं. मारलेलं प्रत्येक पेडल लागू पडतं. डांबरी रस्त्यावर मात्र बंद केलेलं बरं. … मामा? असा खाली का बसलास?

मामा: काही नाही. गुडघा.

भाची: गुडघा धरून कुणी दाराकडे बघत बसत नाही.

मामा: नऊ बारा म्हणालीस ना?

भाची: हो.

मामा: मी काय म्हणालो होतो आठवतं का? तू शर्यती खेळायचीस तेव्हा, सायकल क्लबमध्ये सगळ्यांसमोर. मागे शॉक असलेल्या अशा दोन सायकली तिथे आल्या होत्या. कोच म्हणाले, एक तुमच्या भाचीला देतो, सीझनभर चालवू दे. मी म्हणालो, माझी भाची झोपाळ्यावर बसून शर्यत खेळणार नाही.

भाची: सगळे हसले होते.

मामा: हसले. मीही हसलो. मागची स्प्रिंग पायातला जोर खाते, असं ठाम सांगितलं मी. त्यानंतर दोन वर्षांत तुझी पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, हादऱ्यांनी. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडंच होतं. ऐकलं मी. सव्वीस वर्षांची होतीस.

भाची: मामा.

मामा: तुझी आई एक अक्षर बोलली नाही मला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दर वेळी घरी आली की चहा ठेवायची, तुझ्या नोकरीचं सांगायची. मी वाट बघायचो, आज बोलेल, आता बोलेल.

भाची: ती बोलणार नव्हती, कारण तिला ठाऊक होतं.

मामा: काय ठाऊक होतं?

भाची: ती सायकल मी चालवली होती. तू क्लबमध्ये बोललास त्याच्या आदल्या आठवड्यात. कोचनी दिली होती. तुला कळू नये म्हणून आई मला घेऊन नदीपलीकडच्या वाटेवर गेली.

मामा: माझ्या पाठीमागे?

भाची: तुझ्या पाठीमागे. चौदा किलोची सायकल होती मामा. पेडल मारलं की बसायची, सोडलं की उठायची. मागचा सांधा कुरकुरत होता. चढावर दोनदा उतरून ढकलली मी. परत आल्यावर मीच कोचना सांगितलं, नको, मला माझी लाल फ्रेमच हवी. त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी तुला गाठलं.

मामा: मग त्या दिवशी मला कशाला एवढं बोलू दिलंस?

भाची: तू इतक्या ऐटीत बोलत होतास. म्हटलं वाटू दे याला, यानेच ठरवलं. नंतर तू विषयच काढला नाहीस. तू हे एवढी वर्षं उशाशी घेऊन झोपतोस, मला काय माहीत.

(मामा उठून नळावर तोंड धुतो. बराच वेळ.)

मामा: आणि पाठ?

भाची: थोडी त्या फ्रेमनेही गेली असेल. खोटं कशाला बोलू? पण मी दुखणं लपवून तीन शर्यती खेळले होते. तुला नाही, आईलाही नाही सांगितलं. ते डॉक्टरांना कुठे माहीत होतं? आणि त्याच फ्रेमवर चार वर्षं माझ्यापुढे कुणी नव्हतं, ते तू कधी मोजतच नाहीस.

मामा: त्या फ्रेमचे जोड चांगले होते.

भाची: अजून एकही सुटलेला नाही.

मामा: आज दुखली का पाठ?

भाची: नाही. उतारावर तो मुळांचा पट्टा आहे ना, मी नेहमी घाबरून ब्रेक धरून उतरायचे तो. आज ब्रेकवरची बोटं कधी निघाली कळलंच नाही. खाली आले तर डोळ्यांतून पाणी. वारा असेल.

मामा: असेल.

भाची: मंगळवारी सायकल कंपनीला परत पाठवायची आहे. खोकं घरीच ठेवलंय.

मामा: आज काय वार?

भाची: शुक्रवार.

मामा: मग उद्या सकाळी ऊन चढायच्या आत ये. मीही चालत येतो पाणवठ्यापर्यंत.

भाची: चष्मा लावूनही तुला तिथून काय दिसणार आहे?

मामा: बघायचं नाही. तू जवळून जाशील ना, तेव्हा मागचं चाक ऐकायचंय.