चुंग हुओतू अडचणीत आहेत

पेइशान : म्हणजे तुम्ही त्यांना कोड वाचून दाखवलात?

आजोबा : वाचून कशाला दाखवू? लिहून पाठवला. तुझा आजोबा काय अडाणी आहे?

पेइशान : आणि कोडच्या खाली एक ओळ होती, तीही वाचलीत?

आजोबा : वाचली की. 'हा नंबर कुणालाही देऊ नका.' पण लियाओबाई म्हणजे 'कुणीही' का? चाळीस वर्षं आपल्याकडून सोया सॉस नेतेय ती.

पेइशान : त्या लियाओबाई नव्हत्याच, आजोबा.

आजोबा : फोटो तिचाच होता. देवळासमोरचा, जांभळ्या टोपीतला.

पेइशान : त्यांचं खातं आधी चोरलं, मग त्यांच्या नावानं तुम्हाला गाठलं. 'माझ्या नातीचं चित्र स्पर्धेत आहे, एक मत द्या, त्यासाठी फोनवर येईल तो कोड मला पाठवा.' असंच ना?

आजोबा : बदकाचं चित्र होतं. छान काढलं होतं गं, पाय तेवढे कोंबडीचे वाटत होते. म्हटलं, पोरीचं मन राहील. एक मत द्यायला आपलं काय जातं?

पेइशान : खातं गेलं.

आजोबा : हसतेयस काय? मी इथे सकाळपासून तोंड लपवून बसलोय.

पेइशान : हसत नाहीये. बरं, थोडी हसतेय. तुमचा मेसेज आला तेव्हा मी वसतिगृहात अंथरुणातच होते. 'पेइशान, कामात आहेस का? मला तुझी मदत हवी आहे.' कमळाचं फूल नाही, 'सुप्रभात' नाही, शुद्धलेखनाची एक चूक नाही. म्हटलं, हे आपले आजोबा असूच शकत नाहीत.

आजोबा : एवढं ओळखलंस, तर ताइचुंगहून पळत घरी कशाला आलीस? फोनवर सांगायचं.

पेइशान : सांगायला फोन केलाच होता. तुम्ही म्हणालात, 'रांजण उघडे आहेत, ढग आलेत, मागाहून बोल,' आणि ठेवून दिलात.

आजोबा : मग? पावसाचं पाणी आत गेलं असतं तर सहा महिन्यांचा सोया सॉस नासला असता. तुझं ते खातं काय, उद्या दुसरं निघेल.

पेइशान : दुसरं निघेल, पण त्या पहिल्यात तुमच्या ओळखीची सेहेचाळीस माणसं आहेत. त्या प्रत्येकाला चोरानं लिहिलंय, 'मी अडचणीत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून गेमची कार्डं घे, मागचा नंबर खरवड आणि फोटो पाठव.' नंबर मिळाला की कार्डाचे पैसे चोराचे. तुमच्या नावानं, तुमचा फोटो लावून.

आजोबा : कुठला फोटो?

पेइशान : कलिंगड धरलेला.

आजोबा : अरे देवा.

पेइशान : आता ऐका. पोलिसांना कळवलंय, ॲपवाल्यांनाही कळवलंय. तुमच्या फोनवर नवा कोड येईल तेव्हा खातं परत मिळेल, म्हणून तोवर तुमच्या फोनला हात लावायचा नाही. तो कोड कुणाला द्यायचा?

आजोबा : तुला.

पेइशान : चूक.

आजोबा : तुला नाही तर काय मांजराला देऊ?

पेइशान : कुणालाच नाही. तुमचा तुम्ही टाकायचा. मी मागितला तरी द्यायचा नाही. मागितला तर समजायचं, ती मी नाहीच. बरं, जुना पासवर्ड काय होता? तो आता मेला, सांगितलात तरी चालेल.

आजोबा : दुकानाचा फोन नंबर.

पेइशान : जो पाटीवर रंगवलाय?

आजोबा : बाटलीच्या लेबलवरही आहे. म्हटलं, विसरलो तर बाटली उचलायची आणि बघायचं. ही युक्ती माझी मलाच सुचली होती.

पेइशान : म्हणजे ज्यांच्या ज्यांच्या स्वयंपाकघरात आपली बाटली आहे, त्या सगळ्यांकडे तुमचा पासवर्ड आहे. आणि बँकेचा?

आजोबा : …एक लक्षात ठेवताना मारामार, तिथे दोन कुठून आणू?

पेइशान : बँकेचा आत्ता बदलू. चार शब्द घ्या, एकमेकांशी काही संबंध नसलेले. कागदावर लिहा आणि आत कपाटात ठेवा. गल्ल्यावर चिकटवू नका. आणि मला सांगू नका.

आजोबा : नातीपासून लपवायचं? असले संस्कार केले होय आम्ही तुझ्यावर?

पेइशान : आंघोळीला जाताना दाराला कडी लावता ना? ती काय माझ्यावर संशय म्हणून? आणि अजून एक. माझूदेवीच्या यात्रेला गेलात तेव्हा वेशीवरूनच फोटो टाकला होतात, 'चार दिवस घरी कुणी नाही, दुकान बंद.' सगळ्या जगाला दिसेल असा.

आजोबा : गिऱ्हाईकांना हेलपाटा पडू नये म्हणून.

पेइशान : चोरालाही हेलपाटा पडला नसता. फोटो परत आल्यावर टाकायचे. हे लिहून घ्या, मग माझ्या नावानं हवी तेवढी बोटं मोडा. चला, उरलेले फोन करू. माझ्या फोनवरून. किती झाले?

आजोबा : चव्वेचाळीस. काय काय ऐकून घ्यावं लागलं. देवळाचा अध्यक्ष म्हणतो, 'हुओतू, एकाहत्तराव्या वर्षी गेम खेळायला लागलास, मला नाही बोलावलंस!' न्हावी तर कार्डं घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात पोचला होता. गल्ल्यावरच्या मुलीनं त्याला अडवलं म्हणून वाचला.

पेइशान : आणि तुमची मामेबहीण, ती आजी?

आजोबा : ती म्हणते, 'मी एका ओळीत ओळखलं. हुओतू आणि मदत मागेल?' म्हणे, लहानपणी विहिरीत पडलो होतो तेव्हाही हाक मारली नव्हती.

पेइशान : खरंच?

आजोबा : पाणी कमरेपर्यंतच होतं.

पेइशान : उरले दोन. लियाओबाईंचा फोन व्यग्र आहे. त्याही अशाच सगळ्यांना फोन करत असणार. आणि हे एक, चुंग शुइमू.

आजोबा : ते सोड.

पेइशान : सोडायचं नाही.

आजोबा : नऊ वर्षं तो सख्ख्या भावाशी बोललेला नाही. चोराशी कशाला बोलेल? आणि मुळात माझ्या फोनात आला कसा तो?

पेइशान : तुमच्या वहीतले सगळे नंबर मीच घातले होते.

आजोबा : वहीत त्याच्या नावावर काट मारली होती मी.

पेइशान : पेन्सिलीनं. नंबर अगदी नीट वाचता येत होता.

आजोबा : तेव्हा पेन सापडलं नव्हतं.

पेइशान : आजोबा, डोंगरापलीकडे ताइतुंगला ते एकटेच असतात. त्यांचं काही गेलं तर तुमच्या नावानं जाईल. मग आणखी नऊ वर्षं.

आजोबा : लाव. पण बोलायचं तू.

(पेइशान फोन लावून स्पीकरवर टाकते. पलीकडून इंजिनाचा आवाज येतो.)

शुइमू : हॅलो! कोण?

पेइशान : धाकटे आजोबा, मी पेइशान, शीलुओहून. हुओतूंची नात.

शुइमू : पेइशान एवढीशी आहे. तिचे दुधाचे दात अजून पडतायत.

पेइशान : आले परत. कॉलेजात आहे आता. आजोबांच्या नावानं तुम्हाला मेसेज आला ना, तो खोटा आहे. कुणाला काही पाठवू नका.

शुइमू : अस्सं? त्यात तर लिहिलंय, 'माझा फोन बिघडलाय. माझ्या नावानं कुणाचा फोन आला तर विश्वास ठेवू नकोस.' नंबरही अनोळखी आहे तुझा. आता तूच सांग, चोर तो की तू?

पेइशान : आजोबा इथेच बसलेत. बोला ना, आजोबा!

आजोबा : मी बोलतोय.

शुइमू : मी म्हणजे कोण?

आजोबा : मी म्हणजे हुओतू. दुसरा कोण असणार?

शुइमू : आवाजावर जाऊ नका, हल्ली आवाजही बनवतात, असं आमच्याकडे पोलीसबाई येऊन शिकवून गेली. म्हणाली, त्या माणसाला एकट्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा.

आजोबा : विचार. बाबांनी पहिला रांजण कुठून आणला, कुठल्या साली—

शुइमू : ते तू लेबलवर छापलंयस. आईच्या अंत्यविधीला माझ्या हातातली उदबत्ती काढून घेतलीस. तेव्हा कानात काय म्हणालास?

आजोबा : दुसरं काहीतरी विचार.

शुइमू : दुसरं सगळं गावाला माहीत आहे. हे आपल्या दोघांनाच.

आजोबा : पेइशान, आत जा, चहा ठेव.

पेइशान : आत्ताच झालाय चहा.

शुइमू : बोलता येत नसेल तर ठेवतो मी फोन.

आजोबा : थांब. मी म्हणालो… 'आजारात तिच्याकडे यायला तुला वेळ नव्हता. आता धूर करायला आलास.'

शुइमू : हं. दादाच आहेस.

आजोबा : नऊ वर्षं लक्षात ठेवलंस.

शुइमू : तूही ठेवलंसच की. शब्द न् शब्द. पोलीसबाई दोघांनाही शाबासकी देईल.

आजोबा : तसं बोलायला नको होतं मी.

शुइमू : काय? गाडीचा आवाज फार आहे.

आजोबा : म्हटलं, तसं बोलायला नको होतं!

शुइमू : पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. म्हटलं, पुन्हा एकदा ऐकून घ्यावं.

पेइशान : धाकटे आजोबा, गाडी कसली? आहात कुठे तुम्ही?

शुइमू : बसमध्ये. दोउलिऊपर्यंत रेल्वेनं आलो, तिथून शीलुओची बस धरली. लसणाची शेतं लागलीयेत, सगळ्या बसमध्ये वास भरलाय.

आजोबा : शीलुओची? तू ताइतुंगहून निघालास कधी?

शुइमू : सकाळी. मेसेज वाचला, घर बंद केलं, निघालो. कार्ड घे, नंबर खरवड, फोटो काढ, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. एवढंच कळलं की दादा अडचणीत आहे. आणि तू तोंड उघडून मागतोयस म्हणजे फारच मोठी असणार. तुझा फोन बिघडलाय म्हणे, मग करणार काय?

आजोबा : अरे, पण तो मी नव्हतो.

शुइमू : ते कळलं आता. म्हणजे अडचण अशी काही नाही?

आजोबा : नाही.

शुइमू : तब्येत?

आजोबा : गुडघे सोडले तर ठीक.

शुइमू : बरं झालं मग. पुढच्या स्टॉपला उतरतो. परतीची गाडी मिळेल अजून.

आजोबा : शुइमू.

शुइमू : हं?

आजोबा : उतरू नकोस. शेवटच्या स्टॉपपर्यंत ये.